वाघानं ढोर मारलं, मग पुढचे चार दिवस

नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेनं पारशिवनी-रामटेक तालुक्यांत, किंवा खाली उमरेड, कुही, भिवापूरच्या पट्ट्यात वाघानं गाय-बैल मारणं ही बातमी नसते. बातमी होते ती त्यानंतर: कुणी मढ्यात विष कालवलं, बघ्यांच्या गर्दीनं वाघ बिथरला, नाही तर वर्ष उलटून गेलं तरी भरपाईचे पैसे न आल्यानं गावानं वनरक्षकालाच घेराव घातला. या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा ढोर मेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत सापडतं. गावपातळीवरच्या प्राथमिक बचाव दलांसोबत काम करताना आम्ही हेच पुन्हा पुन्हा पाहत आलो. सहजीवनावर भाषणं पुष्कळ होतात. ज्या कास्तकाराच्या जोडीतला एक बैल ऐन वखरणीच्या दिवसांत गेला, त्याच्यापुरता सहजीवनाचा अर्थ पंचनामा वेळेवर आणि नीट होणं एवढाच असतो. तो कसा होतो आणि कुठं फसतो, ते इथं क्रमानं मांडतो.

पहिली खबर बहुधा गुराख्याकडून येते. संध्याकाळी ढोरं आखरावर, म्हणजे गावातल्या गुरं जमायच्या जागी, परततात आणि एक कमी भरतं. मालक, त्याची पोरं, शेजारी अशी आठ-दहा माणसं बॅटऱ्या घेऊन निघायच्या बेतात असतात. त्यांना तिथंच थांबवायचं. दिवस मावळल्यावर वाघ मढ्यावर येतो, त्यामुळे त्या वेळी झुडपी जंगलात शोधाशोध म्हणजे वाघाच्या ताटात हात घालणं. त्याऐवजी त्याच रात्री दोन कामं उरकायची. गुराख्याला बसवून ढोर शेवटचं कुठं आणि कधी दिसलं, बाकीची ढोरं कुठून उधळली, हे विचारून लिहून ठेवायचं. आणि बीट गार्डला, म्हणजे आपल्या भागाच्या वनरक्षकाला, फोन करायचा. फोन लागला नाही तर वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवायचं, आणि काहीही झालं तरी एक लेखी संदेश मोबाइलवरून पाठवायचाच. गाव, नाल्याचं किंवा शिवाराचं नाव, मालकाचं नाव, जनावर गाय की बैल की गोऱ्हा, रंग, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, शेवटचं कधी दिसलं. जनावर मेल्यापासून ४८ तासांच्या आत वनविभागाला खबर द्यावी लागते. पुढं कुणी उशिराचं कारण काढलंच तर तो संदेश आणि त्यावरची वेळ कामी येते. नुसत्या तोंडी सांगण्याला तीन महिन्यांनी कुणी विचारत नाही.

बिल्ल्याचं थोडं आधीच सांगून टाकतो. कानातला पिवळा बिल्ला बारा आकडी असतो आणि मालकी सिद्ध करायला त्याच्याइतका सोपा पुरावा दुसरा नाही. पण बिल्ला पडलेला असतो, किंवा वाघानं कानासकट डोकं ओढलेलं असतं. म्हणून घरातल्या प्रत्येक ढोराचा बिल्ल्यासकट एक फोटो मोबाइलमध्ये आधीच असावा. बाजारातून नवीन ढोर आणलं असेल तर पावती सांभाळावी आणि बिल्ला आपल्या नावावर चढवून घ्यावा. जुन्या मालकाच्या नावावरचा बिल्ला निघाला की फाइल अडलीच.

सकाळी ऊन वर आल्यावर वनरक्षकासोबत जायचं. पाच-सहा माणसं पुरेत. काठ्या आपटत, मोठ्यानं बोलत, मोकळ्या बाजूनं जायचं; नाल्याच्या पात्रातून किंवा करवंदीच्या जाळीतून नाही, कारण पोट भरलेला वाघ सहसा मढ्याजवळच्या पाण्याशेजारी, सावलीत पडलेला असतो. जागा लांबून ओळखायची तर कावळ्यांकडे बघायचं. कावळे झाडावर बसून ओरडताहेत पण खाली उतरत नाहीत, तर वाघ अजून आसपास आहे. ते बिनधास्त मढ्यावर बसलेले दिसले तर तो सरकलाय. ही खूण शंभर टक्के खरी नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही नाही.

मढं दिसलं की बाकीच्यांनी बैलगाडीच्या वाटेवरच थांबायचं आणि तिघांनीच पुढं जायचं. नेमकं इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. वीस माणसं एकदम मढ्याभोवती उभी राहिली की ओढल्याची फरफट, पंजाचे ठसे, रक्ताचा पहिला डाग, सगळं तुडवलं जातं आणि नंतर पंचनाम्यात लिहायला काही उरत नाही.

आता मढं वाचायचं. मारणारा प्राणी कोण, हा प्रश्न पैशांशीही जोडलेला आहे. वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर, लांडगा, तरस, रानकुत्री अशा वन्यप्राण्यांनी मारलेल्या जनावराला भरपाई मिळते. गावातल्या मोकाट कुत्र्यांनी फाडलेल्या वासराला मिळत नाही.

वाघ मोठ्या ढोराचा गळा खालून धरतो आणि श्वास कोंडून मारतो. लहान जनावराची मान वरून चावून मोडतो. गळ्यावर किंवा मानेवर सुळ्यांची खोल भोकं दिसतात. एकाच चाव्यातल्या दोन सुळ्यांमधलं अंतर मोजायचं. साधारण पाच-सहा सेंटिमीटर भरलं तर वाघ, चारच्या आसपास भरलं तर बिबट. चावा एकदा सोडून पुन्हा धरलेला असेल तर भोकं जास्त दिसतात आणि मोजमाप चुकतं. म्हणून जोडीची भोकं कोणती हे आधी ठरवायचं. वाघ बहुधा मागच्या पुठ्ठ्यापासून खायला सुरुवात करतो आणि पोटाची पिशवी बाहेर काढून बाजूला टाकतो. बिबट बरेचदा पोट-छातीच्या बाजूनं सुरू करतो. पूर्ण वाढलेला बैल ओढत नाल्यात नेलेला असेल तर ते काम बिबट्याचं नव्हे. शेळी झाडाच्या फांदीवर सापडली तर मात्र संशयाला जागा नाही. रानकुत्र्यांच्या शिकारीत गळ्याचा एकच स्वच्छ चावा नसतो. मांड्या, कास, पोट अशा ठिकाणी खूप चावे असतात आणि खाणं फार झपाट्यानं झालेलं असतं. गावठी कुत्री पाय, कान, शेपूट फाडतात, चावे उथळ आणि वेडेवाकडे.

पण याहून महत्त्वाची खूण कातडीखाली असते. ढोर आजारानं, साप चावून किंवा वीज पडून मेलं आणि नंतर जंगली जनावरानं खाल्लं, असंही घडतं. जिवंतपणी चावा बसला असेल तर सुळ्यांच्या भोकांभोवती कातडीच्या आतून रक्त साकळलेलं, काळंनिळं दिसतं. मेल्यावर चावलं असेल तर मांस फाटलेलं असतं पण रक्त साकळलेलं नसतं. पशुवैद्यक गळ्यावरची कातडी चिरून हेच बघतात, त्यामुळे ते येईपर्यंत गळ्याला कुणी हात लावायचा नाही. एक अपवाद लक्षात ठेवायचा. अंगावर चाव्याची खूण नाही, पोट टम्म फुगलेलं आहे आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठलेलं काळपट रक्त येतंय, तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरायचा. असं मढं कुणीही चिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही आणि पशुवैद्यकांना फोनवरच तसं सांगायचं.

फोटो काढताना क्रम ठेवला तर पुढचं काम निम्मं होतं. आधी लांबून, मागं ओळखू येणारं झाड, विजेचा खांब किंवा धुरा (शेताचा बांध) येईल असा. मग पूर्ण जनावर दोन्ही बाजूंनी. मग बिल्ला. मग गळ्यावरच्या जखमा, शेजारी पट्टी ठेवून. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं. मग फरफट, मग पंजाचा ठसा, तोही पट्टीसकट आणि बरोबर वरून. ठशाचा फोटो तिरका काढला की वाघाचा पंजा बिबट्याएवढा दिसू शकतो आणि उलटही. मोबाइलमधलं लोकेशन चालू असावं. पावसाळ्यात ठसा पहिल्या सरीत पुसतो, म्हणून त्यावर घमेलं उपडं टाकून ठेवायचं.

पंचनामा लिहिताना वनरक्षक किंवा वनपाल, पशुवैद्यक, मालक आणि दोन पंच हजर असतात. पंच मालकाच्या घरातले नसावेत. जागेची नोंद नेमकी हवी: शेतात असेल तर गट नंबर, जंगलात असेल तर कक्ष क्रमांक, शिवाय जीपीएसचे आकडे. 'गावाच्या उत्तरेला नाल्याजवळ' एवढ्यावर भागत नाही, कारण एकाच नाल्याच्या एका काठाला महसुली जमीन आणि दुसऱ्या काठाला वेगळं वनपरिक्षेत्र असतं आणि मग फाइल दोन कार्यालयांमध्ये फिरत राहते. मारणाऱ्या प्राण्याच्या रकान्यात 'अज्ञात वन्यप्राणी' किंवा 'वाघ/बिबट' असं लिहून कुणी मोकळं होत असेल तर नम्रपणे थांबवावं. 'साहेब, सुळ्यांचं अंतर मोजलंय, ते लिहा' एवढं म्हटलं तरी बहुतेक जण लिहितात. दुसरी नेहमीची गफलत वयाची. मालक 'सहा दाती', म्हणजे तरणं जनावर, म्हणतो, कागदावर दहा वर्षं पडतं आणि किंमत निम्म्यावर येते.

किंमत त्याच ठिकाणी ठरवून घ्यायची. २०२२ च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस, बैल मेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांपैकी जे कमी ते मिळतं. शेळी-मेंढीला हीच वरची मर्यादा १५,००० आहे. म्हणजे ८०,००० चा बैल असेल तर ६०,०००, आणि १२,००० ची शेळी असेल तर ९,०००. मर्यादा बघून मालक किंमत भरमसाट सांगतो, पशुवैद्यक ती खाली ओढतात, आणि त्या ओढाताणीत दोघांचाही दिवस जातो. जवळच्या बाजारातल्या ताज्या दोन पावत्या दाखवल्या की वाद संपतो. शासनाचा हिशेब एका बैलाचा असतो, कास्तकाराची मात्र जोडी मोडते. उरलेल्या बैलाच्या चालीला जुळणारा दुसरा शोधायला वेळ लागतो, तोवर वखर भाड्यानं आणावा लागतो. ते पैसे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत आणि लोकांच्या रागातला मोठा हिस्सा या न दिसणाऱ्या नुकसानाचा असतो. पेरणीच्या तोंडावर ग्रामपंचायतीनं किंवा वन व्यवस्थापन समितीनं आठवडाभराचा ट्रॅक्टर देऊ केला तर राग किती उतरतो, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

पंचनामा झाला की मढ्याचं काय करायचं? शक्यतो काहीच नाही. ते तिथंच राहू द्यायचं. हे मालकाला पटवणं या सगळ्या कामातलं सर्वांत कठीण काम आहे. कारण डोळ्यांसमोर आपल्या बैलावर वाघ जेवणार, ही कल्पनाच सहन होत नाही. पण हिशेब सरळ आहे. वाघ एका रात्रीत पंधरा-वीस किलो, भूक जास्त असेल तर त्याहूनही अधिक मांस खातो. बैल त्याला तीन-चार दिवस पुरतो आणि तेवढे दिवस त्याला दुसरी शिकार करायची गरज पडत नाही. मढं पुरलं किंवा ओढून नेलं की तो दुसऱ्याच रात्री पुन्हा भुकेला, आणि जवळ चरणारी ढोरं तीच.

मढं गावठाणाला चिकटून, शाळेच्या वाटेवर किंवा रोज वापरातल्या विहिरीशेजारी पडलं असेल तर प्रश्न वेगळा. तिथं ठेवून चालत नाही. हलवायचा निर्णय वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यानं घ्यायचा, दिवसाउजेडी ट्रॅक्टरनं, जंगलाच्या बाजूला. गावकऱ्यांनी आपल्या मनानं हलवलं तर पंचनामाही वादात सापडतो.

विष टाकलं जातं ते याच दिवसांत. शेतात वापरायचं दाणेदार किंवा पातळ कीटकनाशक घरात असतंच. रागाच्या भरात ते मढ्यावर टाकायला पाच मिनिटं लागतात. २०२१ च्या पहिल्याच दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे विषबाधेनं मेलेले सापडले, हे या भागातल्या लोकांना आठवत असेल. विष फक्त वाघालाच भिनतं असं नाही. गावची कुत्री, कावळे, तरस, नाल्याचं पाणी पिणारी शेजाऱ्याची ढोरं, सगळ्यांना ते पोचतं. वाघ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे शिक्षा तुरुंगाची, आणि शिवाय परिसरात विषबाधेनं वन्यप्राणी मेला तर त्या ढोराच्या भरपाईवरही पाणी सोडावं लागतं. आम्ही मालकाला कायदा मात्र शेवटी सांगतो. आधी त्याच्या घरी जाऊन बसतो, चहा घेतो, अर्ज त्याच्यासमोर लिहितो आणि पोचपावती त्याच्या हातात ठेवतो. ज्याच्या हातात पोचपावती आहे तो विषाच्या डब्याकडे सहसा वळत नाही. पुढचे तीन-चार दिवस मढ्यावर सकाळ-संध्याकाळ नजर ठेवायची: मढ्यावर मेलेल्या माश्यांचा थर, जवळपास मेलेला कावळा किंवा कुत्रं, नेहमीचा नसलेला औषधाचा उग्र वास. यातलं काहीही दिसलं तर हात न लावता लगेच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवायचं आणि मढं दगड-काटे टाकून झाकायचं.

पंचनाम्याच्याच दिवशी दुपार होईपर्यंत ट्रॅप कॅमेरे, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लागले पाहिजेत. कॅमेरे वनविभाग लावतो, पण जागा दाखवायला गावातला माणूस लागतो. मढ्याकडे येणाऱ्या पायवाटेवर समोरासमोर दोन, कारण वाघाच्या दोन्ही अंगांवरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. वाटेपासून तीन-चार मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ४०-४५ सेंटिमीटरवर. दोन्ही कॅमेरे अगदी एका रेषेत ठेवले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो, म्हणून थोडे तिरपे. तोंड पूर्व-पश्चिम ठेवलं तर उगवत्या-मावळत्या उन्हानं शेकडो रिकामे फोटो निघतात. समोरचं गवत आणि लोंबत्या फांद्या छाटायच्या, नाही तर वारा सुटला की रात्रभरात कार्ड भरतं. तारीख-वेळ तपासायची, बॅटरी बदलली की काही कॅमेरे जुन्या तारखेवर परत जातात आणि मग कुठला फोटो कुठल्या रात्रीचा हे सांगता येत नाही. उतारावर लावलेला कॅमेरा वाघाच्या पाठीवरून आकाश टिपतो. लावून झालं की एका माणसानं चार पायांवर वाकून समोरून चालून बघायचं, लोक हसले तरी.

फोटो मिळाला की पट्टे आधीच्या नोंदींशी जुळवतात. नर की मादी, सोबत बछडे आहेत का, वयात येऊन आपला इलाखा शोधत फिरणारा तरुण नर आहे का, जखमी किंवा म्हातारा आहे का. यावर पुढचं सगळं ठरतं. बछडेवाली वाघीण महिनाभर तिथंच राहू शकते. फिरता नर दोन दिवसांत वीस किलोमीटर पुढं गेलेला असतो. २०१९ च्या नोव्हेंबरात नागपूरला लागून असलेल्या मिहान या उद्योग वसाहतीत दिसलेल्या वाघानं नागपूरकरांना हे दाखवून दिलंच आहे.

गावसभेत मागणी एकच असते, वाघ जेरबंद करा. तो अधिकार वनरक्षकाला नाही, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यालाही नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडायचा तर कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो आणि तो माणसाच्या जिवाला धोका ठरल्यावर निघतो. जंगलालगत ढोर मारलं म्हणून नाही. शिवाय एक वाघ उचलला की त्याचा इलाखा रिकामा राहत नाही. शेजारचा किंवा नवखा नर येतो, आणि नवख्याला पाण्याच्या जागा, गावाच्या वाटा, माणसांच्या वेळा यातलं काहीच ठाऊक नसतं. जुना, माणसांना टाळायला शिकलेला वाघ गावाला परवडतो, असं आमचं मत आहे. गावात हे लगेच पटत नाही, आणि पटलं नाही म्हणून चिडूही नये.

वाघ दिवसा शेतात दिसला तर मात्र खरी कसोटी गर्दीची. डिसेंबर-जानेवारीत तूर डोक्यापर्यंत वाढलेली असते, त्या तुरीत वाघ दिवसभर बसून राहतो आणि अंधार पडला की आपोआप निघून जातो. पण तोवर तीनशे माणसं चारही धुऱ्यांवर उभी असतात. वाघाला निसटायची एक बाजू पूर्ण मोकळी ठेवायची, आणि ती जंगलाच्या दिशेची. पोलिस पाटलानं वेळीच ठाण्याला कळवलं तर जमावबंदीचा आदेश काढून घेता येतो. ड्रोन, फटाके, मोटारसायकली, काही नको. अशा प्रसंगांतल्या जखमा फार वेळा वाघाला हाकलायला गेलेल्यांना किंवा त्याचा फोटो काढायला गेलेल्यांना होतात.

पहिल्या रात्रीपासून दवंडी किंवा मंदिराच्या भोंग्यावरून सूचना द्यायची, पण 'वाघापासून सावध राहा' अशी मोघम नाही. 'अमुक नाल्याच्या पलीकडे चार दिवस ढोरं नेऊ नका, अमुक वाटेनं पोरांना एकटं पाठवू नका, कापूस वेचायला दहानंतर जा आणि चारला परत या.' वेचणी आणि निंदण करणाऱ्या बाया वाकून किंवा बसून काम करतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. म्हणून प्रत्येक टोळीत एकीनं उभं राहून लक्ष ठेवायचं आणि मधून मधून बोलत राहायचं. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाणाऱ्यानं जमिनीवर झोपायचं नाही, माळ्यावरच (उंच मचाणावर). रात्रीच्या ओलिताचं काय? हरभरा-गव्हाला पाणी द्यायला वीज रात्रीच्या पाळीची असेल तर माणूस जाणारच. अशा वेळी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचं पत्र घेऊन वीज कार्यालयाकडे त्या फीडरला (त्या भागाच्या वीजवाहिनीला) पंधरा दिवस दिवसाची पाळी मागायची. सरपंचानं स्वतः जाऊन पाठपुरावा केला तर हे होतं. नुसतं पत्र पाठवून होत नाही.

कागदांचं बोलायचं तर अर्ज, पंचनामा, पशुवैद्यकांचा अहवाल, फोटो, मालकीचा पुरावा, आधार, बँक पासबुक एवढं लागतं. अडतं ते पासबुकावर. आधारवर पूर्ण नाव, पासबुकावर आडनाव आधी, तर सातबाऱ्यावर वडिलांचं नाव. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुना आयएफएससी कोड चालत नाही आणि पैसे परत जातात. कुणी सांगत नाही, मालक वाट बघत बसतो. अर्ज करण्याआधी बँकेत जाऊन खातं चालू आहे का, आधारला जोडलेलं आहे का, हे विचारावं. ढोर बापाच्या नावावर आणि खातं मुलाचं, असं तर मुळीच नको. सगळ्या कागदांची झेरॉक्स आणि आवक नंबर घरी ठेवावा. महिन्याभरात हालचाल दिसली नाही तर 'पैसे कधी येणार' असं विचारण्यापेक्षा 'फाइल कोणत्या टेबलावर आहे, कोणता कागद कमी आहे' असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला 'निधी आला की' हे ठरलेलं उत्तर मिळतं.

यानंतर उरतो तो गोठ्याचा आणि चराईचा विषय. वाघानं मारलेली बहुतेक ढोरं जंगलात मोकाट चरणारी असतात, गोठ्यात बांधलेली नव्हे. भाकड गायी कत्तलीला विकायला आधीपासूनच बंदी होती, २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर थकलेले बैल विकायची सोयही उरली नाही, त्यामुळे ते रानात सोडले जातात आणि वाघाला गावाच्या कडेला राहायची सवय लागते, हे कुणी उघड बोलत नसलं तरी खरं आहे. चार-पाच घरांनी मिळून एक गुराखी ठेवणं, सूर्य मावळायच्या तासभर आधी ढोरं परत आणणं आणि कळपाच्या मागं नव्हे तर कडेनं चालणं, एवढ्यानंही फरक पडतो.

बिबट्याचं उलट आहे, तो गोठ्यात येतो. शेळ्यांच्या खुराड्याला चारही बाजूंनी जाळी असते पण वर नुसतं तणस (भाताचा पेंढा) टाकलेलं, आणि बिबट वरूनच उतरतो. छतालाही जाळी हवी. तळाशी दीड-दोन फूट पक्की भिंत, दाराच्या फटीतून हाताची मूठ जाणार नाही इतकी घट्ट बसणारी चौकट, आणि बाहेरून कडी. आत घुसलेला बिबट शेळ्यांच्या धावपळीनं एकामागून एक मारत सुटतो, त्यामुळे एका फटीपायी सगळा कळप जातो.

पिकासाठी कुंपण लावायचं तर सौरऊर्जेवरचंच. रानडुकरांसाठी तारा जमिनीपासून २०, ४० आणि ६० सेंटिमीटरवर, रोहीसाठी (नीलगायीसाठी) वर आणखी दोन, साधारण ९० आणि १३० वर. हा झटका साधारण सेकंदाला एकदा आणि क्षणभरच बसतो, दाब हजारो व्होल्टचा असला तरी ऊर्जा मर्यादित, म्हणून जनावर दचकतं पण मरत नाही. आकडा टाकून घरगुती २३० व्होल्टची वीज थेट तारेत सोडली की वाघ मरतो, रोही मरतो आणि पहाटे पाण्याला निघालेला शेजारीही मरतो. सौर कुंपण निकामी ठरतं ते बहुतेक वेळा अर्थिंगमुळे. एकच फूटभर सळई ठोकलेली असते आणि मार्चनंतर काळी माती भेगाळली की झटका उरत नाही. किमान तीन सळया, प्रत्येकी दीड-दोन मीटर खोल, एकमेकींपासून तीन मीटरवर, आणि उन्हाळ्यात तिथं आठवड्यातून एकदा घागरभर पाणी. पावसाळ्यात तारेला टेकलेलं गवत वीज पिऊन टाकतं. पंधरा दिवसांतून एकदा खालची तार साफ करावीच लागते. टेस्टरवर शेवटच्या टोकाला चार हजार व्होल्ट दिसत नसतील तर डुकरं बिनदिक्कत आत शिरतात, आणि एकदा शिरलेली टोळी नंतर झटक्यालाही जुमानत नाही. म्हणून कुंपण पीक हातातोंडाशी आल्यावर नव्हे, पेरणीआधी चालू करायचं.